बुडालेली ठेव आणि अडकलेली ठेव

मुरबाडच्या बाजारपेठेत किंवा शहापूरच्या एसटी स्टँडच्या आसपास जरा फेरफटका मारला, तर पैसे ठेवायच्या चार-पाच जागा सहज नजरेस पडतात. राष्ट्रीयीकृत बँक, ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची शाखा, एखादी नागरी सहकारी बँक, एक-दोन पतसंस्था आणि पोस्ट. आत गेलं की सगळीकडे तोच काउंटर, तेच पासबुक, तीच ठेवपावती आणि बहुतेक वेळा ओळखीचाच कारकून. रोज संध्याकाळी पिग्मी एजंटकडे शंभर रुपये देणारा दुकानदार यातल्या कुठल्या जागी पैसे ठेवतोय, याचा एरवी फारसा विचार करत नाही. करायची गरजही पडत नाही. ती पडते मुंबईहून बातमी येते त्या दिवशी.

अशी एक बातमी १३ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळी आली. रिझर्व्ह बँकेने न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि खात्यातून एक रुपयाही काढता येणार नाही असं जाहीर केलं. जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९६८ साली बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक या नावाने सुरू झालेली ही बँक. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखांबाहेर लागलेल्या रांगा साऱ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिल्या. अशा वेळी गावागावांत एकच प्रश्न निघतो: आपले पैसे बुडणार का?

या प्रश्नाचं खरं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, कारण ठेव बुडणं आणि ठेव अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण दोन्हींना एकाच भीतीने घाबरतो. बँकेत पाच लाखांच्या आत ठेव असलेल्या माणसाचा पैसा आजच्या कायद्याने बुडत नाही, तो काही काळ अडकतो. पतसंस्थेत ठेवलेला पैसा मात्र खरोखर बुडू शकतो, आणि तिथे बँकांच्या ठेवींचा विमा धावून येत नाही. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत, जिथे घरटी बचत लहान आहे आणि पतसंस्था हाकेच्या अंतरावर आहे, तिथे हा फरक ठाऊक असणं सगळ्यात मोलाचं आहे असं मला वाटतं. बाकीचं सगळं त्यानंतर येतं.

आधी बँकेचा पैसा जातो कुठे ते पाहू. आपण भरलेल्या नोटा आपल्या नावाची चिठ्ठी लावून तिजोरीत पडून राहत नाहीत. ठेवींचा साधारण पाचवा भाग बँकेला रिझर्व्ह बँकेकडची रोख आणि सरकारी रोखे अशा स्वरूपात बाजूला ठेवावा लागतो. उरलेल्यातला मोठा वाटा कर्ज म्हणून बाहेर जातो: कुणाचा टेम्पो, कुणाची पोल्ट्री, कुणाचं घर. कणगीतलं बियाणं शेतात पडलं की ते कापणीपर्यंत परत मागता येत नाही, तसाच हा पैसा हप्त्याहप्त्यानेच परत येतो. सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले, तर जगातली कुठलीही बँक सगळ्यांना एकदम पैसे देऊ शकत नाही. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ या एका दिवसात लोकांनी ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले आणि दुसऱ्या दिवशी ती बँक बंद झाली. तिथे बहुतेक सगळं ऑनलाइनच झालं.

म्हणून अफवा धोक्याची असते. पण आपल्याकडच्या बँका नुसत्या अफवेने बुडाल्या असं म्हणणं त्या ठेवीदारांवर अन्याय करणारं होईल. आपल्या आजूबाजूची उदाहरणं घेतली तर रांग शेवटी लागली, भोक आधीच पडलं होतं.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी, हे त्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण. २३ सप्टेंबर २०१९ ला तिच्यावर निर्बंध आले तेव्हा तिच्याकडे ११ हजार ६०० कोटींच्या आसपास ठेवी होत्या. चौकशीत निघालं ते असं की बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती. ती थकली होती, आणि थकल्याचं कागदावर दिसू नये म्हणून २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेली होती. लेखापरीक्षण झालं, अहवाल छापले गेले, सभासदांना लाभांशही मिळाला, आणि आतून बँक पोकळ होत गेली. सामान्य ठेवीदाराने ताळेबंद वाचून हे ओळखायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जे रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांना वर्षानुवर्षं दिसलं नाही, ते पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसाला कसं दिसणार?

शहापूर-मुरबाडहून पनवेल आणि पेण काही फार लांब नाहीत. पेणच्या अर्बन बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये निर्बंध आले. गणेशमूर्तींच्या या गावातले कारागीर, शेतकरी, निवृत्त शिक्षक असे दोन लाखांच्या आसपास ठेवीदार त्यात सापडले. तेव्हा विम्याची मर्यादा एक लाखाची होती, आणि त्यांच्या संघर्ष समितीला पुढे कित्येक वर्षं मोर्चे काढावे लागले. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला. बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींहून अधिक रक्कम वळवल्याचा आरोप त्या प्रकरणात आहे. न्यू इंडिया बँकेत तर तिजोरीतली रोखच गायब असल्याचं समोर आलं आणि १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला. तऱ्हा वेगवेगळ्या, पण प्रत्येक ठिकाणी विश्वासाच्या माणसांनी आतूनच पोखरलं आणि बाहेर उभ्या असलेल्यांना सगळ्यात शेवटी कळलं.

मग ठेवीदाराला वाचवतं कोण? यामागे एक जुनी गोष्ट आहे आणि तिचा एक धागा महाराष्ट्रातच आहे. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक. पलाई तर मोठी, नावाजलेली बँक होती. तिच्या बंद पडण्याने इतर लहान बँकांवरही माणसं धावून गेली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ ला ठेव विमा महामंडळ सुरू झालं. अमेरिकेने अशीच सोय महामंदीच्या काळात, १९३३ साली, केली होती. सुरुवातीला आपल्याकडे विमा होता दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांचा. मर्यादा हळूहळू वाढत गेली. १९९३ साली ती एक लाख झाली आणि मग सत्तावीस वर्षं तिथेच अडून राहिली. त्या काळात महागाई कुठल्या कुठे गेली, जमिनींचे भाव दहापट झाले, पण ठेवीदाराचं संरक्षण होतं तिथेच. पीएमसीचे ठेवीदार रस्त्यावर उतरले नसते तर ती मर्यादा वाढली असती का, मला शंका आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली.

हा विमा आज ठेव विमा आणि पत हमी महामंडळ देतं. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला डीआयसीजीसी म्हणतात. ते रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं आहे. विम्याचा हप्ता बँक भरते, दर शंभर रुपयांना वर्षाला जास्तीत जास्त १२ पैसे या दराने, आणि तो ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. राष्ट्रीयीकृत, खासगी, ग्रामीण, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी अशा सगळ्या बँका यात येतात. बचत खातं, चालू खातं, मुदत ठेव, आवर्ती ठेव, सगळं धरून मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख. म्हणजे चार लाख ऐंशी हजारांची ठेव असेल आणि तिच्यावर बत्तीस हजार व्याज साठलं असेल, तर हाती पाच लाखच येतील, वरचे बारा हजार नाहीत. सहकारी बँकेतून कर्ज घेताना जे भाग, म्हणजे शेअर, घ्यावे लागतात ती ठेव नव्हे, त्यांना विमा नाही. आणि बँक बंद झाली म्हणून आपलं कर्ज माफ होत नाही. उलट ठेव आणि थकबाकी एकाच माणसाच्या नावावर असेल, तर थकबाकी वळती करून उरलेली रक्कम दिली जाते.

रकमेइतकाच महत्त्वाचा बदल झाला तो वेळेचा. पूर्वी बँकेचा परवाना रद्द होईपर्यंत विम्याचा पैसा सुटायचाच नाही. निर्बंध दर सहा महिन्यांनी वाढत राहायचे आणि ठेवीदार ताटकळत राहायचा. सीकेपी बँकेवर २०१४ मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला एप्रिल २०२० मध्ये. पुण्याच्या रुपी बँकेत हाच काळ फेब्रुवारी २०१३ पासून २०२२ पर्यंत लांबला. साठीत निवृत्त होऊन पैसे ठेवलेला माणूस या काळात सत्तरीला पोचला. १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे बदललं. आता निर्बंध आले की ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी महामंडळाला द्यायची, पुढच्या ३० दिवसांत तिची छाननी, आणि त्यानंतर १५ दिवसांत पैसे, असं ९० दिवसांचं गणित आहे. बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण होण्याच्या बेतात असेल, तर रिझर्व्ह बँक आणखी ९० दिवस देऊ शकते.

नव्वद दिवस हे कागदावर फार वाटत नाहीत. पण मृगाच्या तोंडावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, खातं गोठलं असं समजा. डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूच्या भातशेतकऱ्याला बियाणं, खत, नांगरणी, आवणीची मजुरी याच नव्वद दिवसांत लागते. ऑगस्टअखेर पैसे हाती येतील तोवर आवणी उरकलेली असते, आणि मधला खर्च व्याजाने आणलेला असतो. पोरांच्या शाळा-कॉलेजची फीसुद्धा याच दिवसांत भरायची असते. ठेव सुखरूप परत मिळाली तरी हे व्याज कुणी भरून देत नाही. बुडालेल्या ठेवीची चर्चा वर्तमानपत्रात होते, अडकलेल्या ठेवीने झालेलं नुकसान कुठल्याच आकडेवारीत येत नाही, आणि ते लहान माणसालाच सगळ्यात जास्त लागतं. म्हणून हंगामाचा पैसा आणि अडीअडचणीचा पैसा एकाच बँकेत कधीही असू नये, असं मी आग्रहाने सांगेन. तीन-चार महिन्यांचा खर्च पोस्टात किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या बँकेत वेगळा असावा. व्याज थोडं कमी मिळालं तरी चालेल.

मधल्या काळात अगदीच हात बांधलेले असतात असं नाही. रिझर्व्ह बँक परिस्थिती पाहून काढायची मर्यादा वाढवते. पीएमसीत पहिल्या दिवशी ती एक हजार होती, तीन दिवसांत दहा हजार झाली, नोव्हेंबरपर्यंत पन्नास हजार आणि जून २०२० मध्ये एक लाख. न्यू इंडियात दोनच आठवड्यांत, २७ फेब्रुवारीपासून, पंचवीस हजार काढता येऊ लागले, आणि तेवढ्याने निम्म्याहून अधिक ठेवीदारांचं खातं पुरतं मोकळं झालं. यावरून कळतं की बहुतेक खाती लहान माणसांची असतात. पुढे ४ ऑगस्ट २०२५ ला न्यू इंडिया बँक सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवी तिकडे गेल्या.

पाच लाखांच्या वरच्यांची गोष्ट निराळी. पीएमसी २५ जानेवारी २०२२ ला युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून मिळाली. त्यापुढची रक्कम वर्षावर्षाने हप्त्याने द्यायचं ठरलं, आणि मोठ्या ठेवींचा शेवटचा हप्ता दहा वर्षांनी, म्हणजे २०३२ साली आहे. पहिली पाच वर्षं त्यावर व्याज नाही आणि नंतरही ते पावणेतीन टक्के. विलीनीकरण न होता बँक दिवाळखोरीतच निघाली, तर अवसायक कर्जांची वसुली करतो, महामंडळ आपले दिलेले पैसे आधी परत घेतं आणि मग उरलंसुरलं वरच्या ठेवीदारांच्या वाट्याला येतं.

हे शहापूर तालुक्याला खास करून सांगायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत इथल्या घरांत प्रथमच मोठ्या रकमा आल्या. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, याच तालुक्यातून जातो. तो ५ जून २०२५ ला खुला झाला, पण जमिनी त्याच्या कितीतरी आधी थेट खरेदीने गेल्या होत्या आणि सरकारी दराच्या काही पटींनी मोबदला खात्यावर जमा झाला होता. पिढ्यान्‌पिढ्या वर्षाला काही हजार शिल्लक पडणाऱ्या घरात एकदम काही लाख, कुठे त्याहूनही जास्त. जमीन पुन्हा मिळणार नाही, तो पैसा हीच आता जमीन. अशा वेळी ओळखीचा मॅनेजर, जरा जास्त व्याज आणि सगळं एका जागी ठेवण्याची सोय, यामुळे सगळी रक्कम एकाच बँकेत, एकाच नावावर जाऊन पडते.

समजा साठ लाख मिळाले आणि ते एकाच बँकेच्या शहापूर, वाशिंद आणि कल्याण या तीन शाखांत वीस-वीस लाख करून घरच्या कर्त्याच्या नावावर ठेवले. शाखा तीन झाल्या तरी बँक एकच आणि नावही एकच, म्हणून विमा पाच लाखांचाच. हेच पैसे वेगवेगळ्या बँकांत ठेवले तर प्रत्येक बँकेत पाच लाख वेगळे धरले जातात. एकाच बँकेतही नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरची ठेव, बायकोच्या एकटीच्या नावावरची, नवरा पहिला आणि बायको दुसरी असं जोडखातं, आणि बायको पहिली आणि नवरा दुसरा असं जोडखातं, ही चारही वेगळी मोजली जातात, प्रत्येकी पाच लाखांपर्यंत. नावांचा नुसता क्रम बदलल्याने संरक्षण वाढतं, हे बऱ्याच जाणकार माणसांनाही माहीत नसतं. बाईचं नाव पहिलं असलेली ठेव घरात असणं दुसऱ्याही कारणांनी चांगलंच आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता पतसंस्थांकडे येतो. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण तालुक्याच्या ठिकाणी खरी जोखीम इथे आहे.

पतसंस्था किंवा पतपेढी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. तिच्यावर देखरेख तालुक्याचे सहायक निबंधक, जिल्ह्याचे उपनिबंधक आणि वर सहकार आयुक्त अशी असते. रिझर्व्ह बँकेचा तिच्याशी संबंध नाही. आणि म्हणूनच डीआयसीजीसीचा पाच लाखांचा विमा पतसंस्थेतल्या ठेवीला लागू नाही, एका रुपयालाही नाही. जी संस्था एकापेक्षा जास्त राज्यांत काम करते, म्हणजे मल्टिस्टेट, ती थेट केंद्रीय निबंधकाकडे नोंदलेली असते, आणि तिच्या ठेवींनाही हा विमा नाही. नावापुढे मल्टिस्टेट लागलं की ती मोठी आणि सुरक्षित असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तालुक्यातल्या अधिकाऱ्याचाही तिच्यावर हात पोचत नाही. काही सहकारी संस्था आपल्या नावात बँक हा शब्द वापरतात आणि सभासद नसलेल्यांकडूनही ठेवी घेतात, असं करणं कायद्याविरुद्ध आहे, असा इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता.

जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी ही मल्टिस्टेट पतसंस्था, छत्रपती संभाजीनगरची आदर्श नागरी पतसंस्था, बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात या नावांनी किती घरं उद्ध्वस्त झाली ते ठेवीदारांच्या मोर्चांत दिसलं. मुलीच्या लग्नाचे, ऊसबिलाचे, पेन्शनचे पैसे. अशा वेळी आधार उरतो तो १९९९ च्या ठेवीदारांच्या हितसंरक्षण कायद्याचा, ज्याला बोलताना एमपीआयडी म्हणतात. त्याखाली पोलिसांत गुन्हा दाखल होतो, संचालकांची आणि संस्थेची मालमत्ता जप्त होते, विशेष न्यायालयाच्या परवानगीने ती विकली जाते आणि मग ठेवीदारांना वाटली जाते. कायदा चांगला आहे. पण जप्ती ते वाटप यात वर्षं जातात, आणि मालमत्ता ठेवींइतकी निघेलच असं नाही.

म्हणजे पतसंस्थेत पैसे ठेवूच नयेत का? मी असं म्हणणार नाही. ज्या काळी मोठ्या बँका लहान दुकानदाराला किंवा दूधवाल्याला दारात उभं करत नव्हत्या, त्या काळी पतसंस्थेने त्याला दहा-वीस हजारांचं कर्ज दिलं, संध्याकाळी दुकानावर येऊन बचत गोळा केली. हे काम आजही मोलाचं आहे आणि चोख चालणाऱ्या पतसंस्था आहेत. पण तिथे जी रक्कम ठेवायची ती विमा नाही हे समजून ठेवावी. हिशेब सरळ आहे. दोन लाखांवर दोन टक्के जास्त व्याज म्हणजे वर्षाला चार हजार. त्या चार हजारांसाठी दोन लाखांची जोखीम घ्यायची का, हा निर्णय घरात चार माणसांत बसून घ्यायचा आहे. आजूबाजूला सगळ्यांपेक्षा फारच जास्त व्याज देणारी संस्था तर मुळातच टाळावी. इतकं व्याज देऊन वर नफा मिळवायचा तर ती कर्ज कुणाला आणि कोणत्या दराने देणार, हा विचार करून पाहावा.

पतसंस्थेचा ठेवीदार सभासद असतो, आणि सभासदाला हक्क असतात. दर वर्षी लेखापरीक्षण व्हायलाच लागतं आणि त्यात अ, ब, क, ड असा वर्ग दिला जातो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिचा अहवाल सभासदाला मिळायला हवा. त्या अहवालात थकबाकीचा आकडा पाहावा, लेखापरीक्षणाचा वर्ग पाहावा, संचालकांना आणि त्यांच्या नातलगांना किती कर्ज आहे ते विचारावं. सभा होत नसेल, अहवाल मिळत नसेल, किंवा मुदत संपलेली ठेव मागितल्यावर 'आत्ता नका काढू, नूतनीकरण करून टाकू' असा आग्रह होत असेल, तर लेखी अर्ज घेऊन सहायक निबंधकांकडे जावं. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.

भीती चुकीच्या जागी लागल्याचंही एक उदाहरण इथे हवं. नोटाबंदीत, १४ नोव्हेंबर २०१६ ला, जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली. ज्या गावांत जवळची शाखा जिल्हा बँकेचीच, तिथल्या माणसाने हातातल्या नोटा घेऊन जायचं कुठे? बँकच बुडाली असा समज काही ठिकाणी पसरला. बँका बुडालेल्या नव्हत्या, त्यांना त्या नोटा घेण्याची परवानगी नव्हती एवढंच. आणि नेमक्या त्याच दिवसांत, १ डिसेंबर २०१६ ला, मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानादुकानांत स्वाइप यंत्रं आली. त्यानंतर व्यवहार सगळीकडेच मोबाइलवर गेला, आणि त्याबरोबर एक नवी गोष्ट आली: खातं गोठलं की आता फक्त बचत अडकत नाही, त्या दिवशीचा किराणाही अडकतो. मोबाइलवरच्या पैशाच्या ॲपला दोन वेगळ्या बँकांची खाती जोडलेली असली तर हा खोळंबा टळतो.

पोस्टाबद्दल फार बोलावं लागत नाही. पोस्टातल्या बचत योजनांना केंद्र सरकारची हमी आहे आणि तिला पाच लाखांची मर्यादा नाही. गावातलं शाखा पोस्ट दिवसातून थोडाच वेळ उघडं असतं, एवढी एक गैरसोय. मोठ्या व्यापारी बँकांच्या बाबतीतही अलीकडचा अनुभव दिलासा देणारा आहे. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर पन्नास हजारांची मर्यादा आली आणि दोन आठवड्यांच्या आतच उठली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लक्ष्मी विलास बँक दहा दिवसांत डीबीएसमध्ये विलीन झाली. सहकारी बँकांच्या ठेवीदारांच्या वाट्याला इतकी घाई कधी आली नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांच्या संचालक मंडळांवर जास्त अधिकार मिळाले, ते यासाठीच.

शेवटी कागदांचं. विमा असून पैसे न मिळण्याची कारणं बहुतेक वेळा फार साधी असतात. बँकेवर निर्बंध आले की ठेवीदाराला पैसे हवेत असं लिहून द्यावं लागतं, सोबत दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील आणि ओळखीचे कागद जोडावे लागतात. पासबुकावर एक नाव, आधारवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं, असं कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर सर्रास असतं. जुन्या खात्याला मोबाइल नंबर जोडलेला नसतो, अंगठ्याचा ठसा नीट उमटत नाही, माणूस हंगामात वीटभट्टीवर किंवा रेतीवर गेलेला असतो आणि मुदत निघून जाते. ही दुरुस्ती संकट आल्यावर होत नाही, आधीच करून ठेवावी लागते. सरकारी योजनांचे पैसे ज्या खात्याला आधार जोडलेलं असेल तिथेच येतात. ती बँक अडचणीत आली तर दुसऱ्या बँकेत संमतिपत्र भरून आधार तिकडे जोडून घ्यावं लागतं, नाहीतर दर महिन्याचे पैसे गोठलेल्या खात्यात पडत राहतात.

खात्याला नॉमिनी लावलेला नसेल तर विम्याच्या पैशासाठीही वारसांना वेगळी खटपट करावी लागते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा हिस्साही ठरवून देता येतो. पिग्मी भरणाऱ्याने एजंटच्या वहीवर विसंबून न राहता महिन्यातून एकदा शाखेत जाऊन आपल्या पासबुकावर नोंद करून घ्यावी, कारण दावा करताना एजंटच्या वहीला किंमत नसते, संस्थेच्या खातेवहीत रक्कम दिसावी लागते. आणि घरातल्या सगळ्या ठेवपावत्या, कुठल्या बँकेत किंवा पतसंस्थेत, कुणाच्या नावावर, किती, कधी मुदत संपते, हे एका वहीत लिहून ती वही घरातल्या दुसऱ्या माणसाला, शक्यतो लिहितावाचता येणाऱ्या मुलीला किंवा सुनेला, दाखवून ठेवावी.